पाय मोकळे करायला

(अमरावती-अकोला भागातील महिला गटांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण इथं मजुरीचे दर, गावातले दारूचे गुत्ते, पोटगीच्या केसेस यांवर बोलतो आहोत. ते सगळे जीवनमरणाचे विषय. आणि आता जेवणं झाल्यावर ही बाई उठली नि म्हणते, मला पांदणीवरून पळण्याविषयी बोलायचं आहे. तेही पोलीस भरतीसाठी नाही, वजन कमी करायला नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनही नाही. नुसतं बरं वाटतं म्हणून पळणं, आणि तेही पावसाळ्यात, चिखलातून. मी विषय सांगितला तेव्हा संयोजक मैत्रिणीसुद्धा हसल्या. आत्ता तुम्हीही हसलात. हरकत नाही. आपल्याला हसू का येतं, इथूनच सुरुवात करू या.

आधी आपली भाषा बघा. "पाटलाचा पोरगा पळतो" असं कोणी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं शर्यत येते, मैदान येतं. "पाटलाची पोरगी पळाली" म्हटलं की काय येतं? पुढचा प्रश्न ठरलेला: कोणासंगं? क्रियापद एकच, पण मुलाच्या वाट्याला त्यातून बक्षीस येतं आणि मुलीच्या वाट्याला बदनामी. "पाय घसरला" हे बघा. पुरुषाचा पाय घसरला तर बहुतेक वेळा तो पडतो, लचकतो, तेल लावून घेतो. बाईचा पाय घसरला म्हटलं की कोणी चिखलाचा विचारच करत नाही. घराण्याचं नाक तिच्या घोट्याला बांधलेलं असतं जसं काही. पुरुष हिंडतो, बाई उंडारते. आणि रात्रीचं जेवण झालं की घरातले बाप्ये काय म्हणतात? "जरा पाय मोकळे करून येतो." तुमच्या आईनं, सासूनं, आयुष्यात एकदा तरी असं म्हटलेलं तुम्ही ऐकलं आहे का? ती म्हणते, दळण टाकून येते. देवळात जाऊन येते. अमकीकडून विरजण घेऊन येते. बाईला घराबाहेर पाऊल टाकायला हातात काहीतरी लागतं: घागर, टोपली, पूजेचं ताट, नाहीतर कडेवर लेकरू. रिकाम्या हाताची बाई रस्त्यावर दिसली की गाव अस्वस्थ होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. बाईला बाहेर जायला कारण लागू नये.

आता पांदणीकडे या. पांदण म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या बाईला सांगायला नको, पण आपलं हे अंक वाचणाऱ्या मैत्रिणी पुण्या-मुंबईलाही आहेत, म्हणून सांगते. गावातून वावरांकडे जाणारी, दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधली, बंडीची वाट. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तिथली आणि एकूणच आपल्याकडची काळी माती पावसानं फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकून तिला हात हात भेगा पडतात. जून उलटला की पांदणीत गारा होतो. बंडीच्या चाकोऱ्या पाण्यानं भरतात. चपलेला माती अशी धरते की चार पावलांत एकेक पाय शेरभरानं जड होतो, मग बाया चपला हातात घेतात. लेकरं दप्तर डोक्यावर धरून शाळेत येतात. बाळंतीण अडली तर गाडी पांदणीच्या तोंडाशी उभी राहते आणि बाईला खाटेवर उचलून आणावं लागतं. हे सगळं आपलं रोजचं आहे.

या वाटेवर बाया किती चालतात! निंदणाला जातात, कापूस वेचायला जातात, सोयाबीन सोंगायला जातात. गुरांचा चारा, चुलीची काडी, धन्याची भाकर, सगळं याच वाटेनं डोक्यावरून जातं. ज्या घरांत संडास नाही, किंवा आहे पण पाणी नाही, तिथल्या बाया अंधार असताना याच पांदणीच्या कडेला बसतात आणि कोणाचा बल्ब चमकला की उठून उभ्या राहतात. म्हणजे ही वाट बायांना पाठ आहे. कुठं खड्डा, कुठं बाभळीचा काटा, कुठं नाल्याचा उतार, सगळं माहीत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला. त्याआधी दुष्काळात आणि त्यानंतरही, खडी फोडून, माती टाकून असे किती रस्ते बायांनीच केले. वाट बाईनं बांधली, बाई तिच्यावरून ओझं वाहते, लाज मुठीत धरून तिच्या कडेला बसते. फक्त मजा म्हणून त्या वाटेवर बाईचं एकही पाऊल पडत नाही.

तुम्ही म्हणाल, मजा पुरुष तरी कुठं करतात, तेही कष्टातच आहेत. खरं आहे. पण पुरुषाच्या शरीराला मोकळीक देणारी जागा आपल्या समाजानं पूर्वीपासून ठेवली आहे. गावोगाव तालीम होती, आखाडा होता. आपल्या अमरावतीला तर याचा अभिमानच आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली इथं व्यायामशाळा काढली, तिचं पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पारतंत्र्याच्या काळात तरुणानं शरीर कमवणं हे देशकार्य मानलं गेलं. त्या परंपरेचा मान आहेच, आणि आज अशा संस्थांतून मुलीही शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेतात. पण गावातल्या सर्वसाधारण बाईसाठी आखाड्यासारखी जागा कधी होती का?

तिच्यासाठी सण होते. नागपंचमीचा झोका होता. भुलाबाई होती. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणत, खिरापत ओळखत हिंडत. फुगड्या होत्या, झिम्मा होता. आपल्या आज्यांनी त्यांत जीव ओतला, कारण तेवढीच मुभा होती. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, हा खेळ देवाच्या नावानं होता. सण संपला की खेळ संपला. दुसरी, लग्न झालं, एक-दोन लेकरं झाली, की तोही सुटला. बाईच्या खेळालासुद्धा देवाची चिठ्ठी लागत होती.

आता गेल्या काही वर्षांत एक नवी चिठ्ठी मिळाली आहे. १९९४ साली महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. त्यातून पोलीस भरतीची वाट मुलींना दिसली. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, १०० मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. आज दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बार्शीटाकळी, कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला जा. डांबरी रस्त्याच्या कडेनं ट्रॅकपँट घातलेल्या पोरी पळताना दिसतील. सोबत कुणाचा बाप मोटारसायकल घेऊन हळूहळू येतो, कुणाचा भाऊ घड्याळ लावतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे दृश्य विरळा होतं. ते या पोरींनी मिळवलेलं आहे, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान आहे.

पण पुढं काय होतं तेही बघा. आमच्या गटात येणारी एक मुलगी आहे. शेतमजुराची लेक. दोन भरत्यांत थोड्या गुणांनी राहिली. तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या आधी लग्नाची बोलणी सुरू झाली. त्या दिवसापासून तिचं पहाटेचं पळणं बंद. आईनं बूट धुऊन, पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवले. आई वाईट नाही हो. ती एवढंच म्हणाली, "आता कायले पयतं बाप्पा? भरती त झाली." पोरगी मला म्हणाली, "ताई, मला भरतीचं वाईट वाटतंच. पण त्याहून सकाळचं वाईट वाटतं. सकाळी जाग येते अन् पाय नुसते थरथरतात." चार वर्षं ज्या पायांना घरानं मोकळं सोडलं, ते पाय मोकळे नव्हतेच. ते नोकरीच्या बोलीवर उसने दिलेले होते. नोकरी नाही तर पाय परत करा.

कारण लागू नये म्हणते ते यासाठी. कारणानं मिळालेली मुभा कारणासोबत जाते.

जगातही हे असंच झालेलं आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडकेनं विश्वविक्रम केला. पण वर्तमानपत्रांनी रंगवलं काय, तर बायका शेवटी कोसळल्या, त्यांना हे झेपत नाही. शर्यतीनंतर दमून आडवं होणं पुरुषांना चालतं, बाईला नाही. ती शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत. बत्तीस वर्षं! लांब पळालं तर बाईच्या गर्भाशयाला इजा होते, असं शिकली-सवरली माणसं सांगत. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनला १९६६ साली बॉबी गिब हिला प्रवेश नाकारला गेला, तर ती सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपून बसली आणि मग पुरुषांच्या गर्दीत शिरून पळाली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर नावाची आद्याक्षरं लावून रीतसर नंबर घेऊन पळत होती, तर एका पदाधिकाऱ्यानं रस्त्यात धावत येऊन तिच्या अंगावरचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. म्हणजे "बाईला झेपत नाही" ही गोष्ट फक्त आपल्या पारावरची नाही. ती जगभर सांगितली गेली आणि पळून पळूनच बायांनी ती खोटी पाडली.

आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत बघा. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, दुष्काळी मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. स्टीपलचेस म्हणजे वाटेत अडथळे नि पाण्याचा खड्डा असलेली शर्यत. आपल्या पांदणीचंच जरा नीटनेटकं रूप म्हणा ना! बायकांना ही शर्यत ऑलिंपिकमध्ये मिळाली तीसुद्धा २००८ साली.

आणि बारामतीच्या लताबाई करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी शर्यतीत पळाली, कारण नवऱ्याच्या आजारपणाला पैसा हवा होता. तिच्यावर चित्रपट निघाला, तिनंच त्यात काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्या बाईच्या हिमतीला मी हात जोडते. पण आपणा टाळ्या वाजवणाऱ्यांना मला विचारायचं आहे. ती नवऱ्यासाठी पळाली म्हणून आपले डोळे भरले. तीच बाई, त्याच लुगड्यात, "मला पळायला आवडतं" म्हणून पळाली असती, तर? आपण फोटो काढला असता की तिच्या सुनेला बोलावून "म्हातारीकडं लक्ष द्या" म्हटलं असतं?

आता एक आक्षेप. तो बाहेरचे घेतात तसा आपल्यातल्या कार्यकर्त्याही घेतात, म्हणून नीट उत्तर दिलं पाहिजे. "दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला पळायला काय सांगता? हे शहरातल्या रिकाम्या बायांचं खूळ आहे." यातला अर्धा भाग खरा आहे. जिच्या कमरेला दिवसभर वाकून कळ लागली आहे तिला कोणी "व्यायाम करा" असा उपदेश करू नये. मी तो करायला आलेली नाही. तिला आधी झोप हवी, पोटभर जेवण हवं, पुरेशी मजुरी हवी. सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. पावणेपाच तासांहून जास्त आणि दीड तासाच्या आत. मग पळायला वेळ आणायचा कुठून? तो त्या दोनशे मिनिटांच्या फरकातून आणायचा, दुसरीकडून येणार नाही. रविवारी सकाळी तासभर चहा कोणी करायचा, हा पळण्याच्या प्रश्नाचाच भाग आहे.

पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही. कष्टकरी बाईला फक्त कष्टाचाच प्रश्न असतो, मौज तिच्या कामाची नाही, हे कोणी ठरवलं? काम करताना शरीर दुसऱ्यासाठी वाकतं. खेळताना ते आपलं आपल्यासाठी हलतं. दोन्हींत घाम येतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. आठ तासांचा दिवस मागणाऱ्या कामगारांनी आठ तास विश्रांती नि आठ तास आपल्या मर्जीचे, अशीही मागणी केली होती. ती मर्जी बाईच्या वाट्याला कधी येणार?

आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. एका पावसाळ्यात आमच्या गटातल्या सहा-सात जणींनी ठरवलं की रविवारी सकाळी पांदणीनं नाल्यापर्यंत जाऊन यायचं. जमेल तिथं पळायचं, नाही तिथं चालायचं. त्यात दोन शेतमजूर, एक अंगणवाडीतली, एक शिलाई करणारी, ती भरतीवाली पोरगी आणि मी. पहिल्या रविवारी पारावरून आवाज आला, "काय वं, कोन मांगं लागलं?" आमच्यातली सगळ्यात वयानं मोठी बाई न थांबता म्हणाली, "कोनी नाई लागलं, म्हून त मजा येते!" पार गप्प. तिसऱ्या रविवारी हीच बाई गाऱ्यात सपशेल पडली. लुगडं, हात, तोंड, सगळं काळं. क्षणभर आम्ही घाबरलो. ती उठून बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की आम्हालाही उभं राहवेना. मग म्हणाली, "लहानपनानंतर पयल्यांदा पडली. अन् कोनी रागावलं नाई." हंडा फुटला नाही, भाकर सांडली नाही, लेकराला लागलं नाही, म्हणून कोणी रागावलं नाही. बाईचा पाय घसरला, आणि काहीही बिघडलं नाही.

आमच्यातल्या दोघी बौद्ध वस्तीतल्या आहेत. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. एका ठिकाणी चिखल टाळायला आम्ही बाजूच्या धुऱ्यावर चढलो, तर त्या दोघी पांदणीतच थांबल्या. "तुम्हाला कोनी काही म्हननार नाई, आमाले म्हनन." कोणाच्या धुऱ्यावर कोणाचं पाऊल पडलेलं चालतं, हे पळतानाही सुटत नाही. तेव्हापासून नियम झाला: जायचं तर सगळ्यांनी एकाच वाटेनं जायचं, चिखलातून तर चिखलातून.

भीतीचं बोलू. छेडछाड, अंगावर गाडी घालणं, मोबाइलवर फोटो काढणं, हे होतं. सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात शाळेत जात, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हे आपण दर तीन जानेवारीला सांगतो. चिखल तेव्हाही रस्त्यावर निघालेल्या बाईला घरी पाठवायला वापरला होता. आजही कोणी काही केलं की पहिला सल्ला येतो, "तुम्ही जाऊच नका ना तिकडं." शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला नुसती सुरक्षितता देऊ केली की ती कुलपासकट येते. बाईला विनाकारण, मजेसाठी, थोडा धोका पत्करूनही सार्वजनिक जागेत असण्याचा हक्क हवा, आणि अशा बाया जितक्या जास्त, तितकी जागा सगळ्यांची. ही गोष्ट मरीन ड्राइव्हला लागू आहे तशी मूर्तिजापूरच्या पांदणीलाही आहे. एकटी बाई पळाली तर बातमी होते. दहा जणी दर रविवारी पळाल्या तर तिसऱ्या महिन्यात ती सवय होते.

आता कामाच्या चार गोष्टी. भिजलेल्या काळ्या मातीत लांब टांगा टाकू नका. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, नजर पुढच्या चार-पाच पावलांवर. चाकोरीपेक्षा मधल्या गवताच्या पट्ट्यावर पाय बरा धरतो, पण गवतात आधी बघा. पावसाळ्यात घोणस, नाग, मण्यार बाहेर असतात. अंधारात जाऊ नका, फटफटीत झालं की निघा. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. वीज कडकडत असेल तर पळणं रद्द, आणि झाडाखाली उभं राहायचं नाही. कपाशीवर फवारणी चालू असेल तर त्या बाजूनं जायचं नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते विसरू नका. ओढणी कमरेला बांधा. लुगडं असेल तर काष्टा मारा, त्याच्याइतका पळायला सोयीचा पोशाख नाही.

आणि अनवाणी शक्यतो नको. ज्या मातीत लोक शौचाला बसतात त्या ओल्या मातीतून अंकुशकृमी उघड्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात. आधीच आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे संडास, चप्पल, रक्तक्षय आणि पांदण हे चार वेगळे प्रश्न नाहीत. धाप फार लागत असेल, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, तर पळू नका. आधी रक्त तपासून घ्या.

शेवटचा मुद्दा, मागणीचा. पांदण ही कोणाच्या मेहेरबानीची वाट नाही. तलाठ्याकडं गावनकाशा असतो. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. नकाशात रुंद असलेली पांदण जागेवर चार हातांची राहते, कारण दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी वीतभर आत सरकतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. राज्य सरकारनं २०२१ साली मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली होती. तुमच्या गावातली कोणती पांदण तिच्यात बसली, काम किती झालं, हे ग्रामसभेत विचारा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यात आहे. ती कागदावर होत असेल तर प्रत्यक्षात घ्यायला लावा. पांदणीचा विषय आजवर बंडीचा, ट्रॅक्टरचा, मालाचा म्हणून मांडला गेला. बायांनी तो पायांचा म्हणून मांडावा: मजुरीला जाणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या आणि काहीच कारण नसताना जाणाऱ्या पायांचा. ठरावात ते शेवटचे शब्द घालायला सरपंच कुरकुर करतील. घालायला लावा. आज निम्म्या ठिकाणी सरपंचही बाईच आहे, तिला सोबत घ्या.

पुढचा मेळावा पोळ्यानंतर आहे. तोवर प्रत्येक गटानं आपल्या गावची एक पांदण निवडायची, नकाशा मिळवायचा आणि निदान चार रविवार तिच्यावर जाऊन यायचं. पळालात की चाललात, मी विचारणार नाही. कोण कोण आलं, कोणी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, एवढं लिहून आणा. उत्तर सुचलं नाही तर एक तयार आहे, पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासून गुळगुळीत केलेलं. कुठं चाललीस विचारलं की सांगायचं: कुठं नाही, जरा पाय मोकळे करायला.